उतरलेली साखर

"शलाका, आधी चपला काढ, पाणी पी, आणि ओरडू नकोस. दिवाणला मी इंजेक्शन दिलंय."

मी दारातच उभी. एका हातात शिंप्याकडून आणलेल्या काळ्या ब्लाउजची पिशवी, दुसऱ्या हातात घराची किल्ली. स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला तो इतका शांत, की दूध तापवून ठेवलंय म्हणून सांगतायत असंच मला वाटलं.

"कसलं इंजेक्शन?"

"कसलं म्हणजे काय? त्याचंच. साखरेचं. बाटली होती की फ्रिजमध्ये."

पिशवी कुठे टाकली, चपला कुठे काढल्या, मला आजही आठवत नाही. तेरा वर्षं झाली त्याला, पण ते एक वाक्य अजून शब्दन्शब्द आठवतं.

दिवाण म्हणजे आमचा बोका. खरं तर माझा. सांगलीला माहेरच्या गच्चीवर लहानाचा मोठा झालेला, पिवळा-पांढरा, लठ्ठ, आणि कुणाच्या बापाला न जुमानणारा. लग्न करून कराडला आले तेव्हा त्याला टोपलीत घालून बरोबर घेऊन आले. त्यावर माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सहा महिने करमणूक करून घेतली. येईल त्याला सांगायच्या, "लोकांच्या सुना मिक्सर आणतात, पोतनिसांच्या सुनेनं बोका आणलाय." बोक्याकडे मात्र ढुंकून बघायच्या नाहीत. तो समोरून गेला की साडीचा घोळ आवरून घ्यायच्या.

मग तो आजारी पडला. वाटीच्या वाटी पाणी प्यायला लागला, खाऊनपिऊन वाळत चालला. जनावरांच्या डॉक्टर मोहिते मॅडमनी रक्त तपासून सांगितलं, याला मधुमेह आहे. मी घरी येऊन रडत बसले, तर माईंनी भुवई वर केली.

"याला साखर? अगं मग रडतेस काय! आता माझं आणि याचं जमणार."

आणि जमलंच की हो! माई स्वतः कितीतरी वर्षं पोटात इन्सुलिन टोचून घेणाऱ्या. त्यांनी बोक्याला मांडीवर धरायचं, मी मानेची कातडी उचलून सुई द्यायची. त्यांचं साखर बघायचं मशीन, त्यावरच बोक्याच्या कानाच्या कडेचा थेंब. दूधभात बंद झाला, उकडलेली कोंबडी आणि अंडी सुरू झाली, तीही माईच शिजवायच्या. "आम्ही दोघं एका पंगतीचे," असं सगळ्या आळीला सांगून झालं होतं. मी नवी सून, त्या एकदम कडक बाई. आमच्यात बोलायला दुसरं काही नसायचं, पण बोक्याची साखर किती आली यावर आम्ही तासभर बोलू शकायचो. तो होता म्हणून त्या घरात माझी जागा झाली. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून त्याला काही झालं तर माझं काय, ही भीती कायम मागे असायची.

पावसाळा संपता संपता त्याची साखर आपोआप जागेवर राहायला लागली. मॅडमनी डोस कमी करत करत इंजेक्शन बंदच केलं. मला पेढे वाटावेसे वाटले. मॅडमनी मात्र बोट वर केलं.

"बरा झालाय असं समजू नका. आजार झोपलाय, गेलेला नाही. खाणं असंच ठेवा, दर रविवारी साखर बघा. आणि आकडा वाढलेला दिसला तर आपल्या मनानं सुई उचलायची नाही. आधी मला फोन. त्याला गरज नसताना दिलंत तर तासा-दोन तासांत जीव जाईल त्याचा."

माई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. मान डोलावत होत्या.

पण मान डोलावली म्हणून डोक्यात शिरलं असं थोडंच असतं? माझे सासरे साखरेनं गेले. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, मग ते. हे सगळं माईंनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे आमच्या घरात साखर वाढली हे शब्द लोक दबक्या आवाजात बोलायचे, आणि साखर उतरली म्हटलं की सगळ्यांचा श्वास मोकळा व्हायचा. उतरलेल्या साखरेला घाबरायचं असतं हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. आणि ती अर्धी उरलेली बाटली मी टाकून द्यायला निघाले तर माईंनीच फ्रिजमध्ये परत ठेवली होती. "असू दे. साखरेचा काय भरवसा?"

तर मी धावत स्वयंपाकघरात गेले. माई हलवा करत होत्या. माझी पहिली संक्रांत, काळी साडी, त्यावर हलव्याचे दागिने. ते बाजारातून आणायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. महिनाभर त्यांचं तेच चाललं होतं. शेगडीत मंद निखारे, त्यावर पितळी परात, परातीत तीळ. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, पुन्हा चमचाभर, पुन्हा हलवायचं. सकाळच्या थंडीत बसायचं, कारण थंडीतच काटा चांगला फुलतो. हार, बाजूबंद, मुकुट एवढं करायचं म्हणजे डबेच्या डबे हलवा लागणार. स्वतः त्यातला एक दाणा तोंडात टाकायच्या नाहीत. वीस वर्षांत टाकला नव्हता. चव बघायला शेजारच्यांना बोलवायच्या.

"किती होती?" मी विचारलं.

"चारशे सत्तावीस."

गेल्या रविवारी शंभरच्या आत होती. मग आली वाटतं परत! मॅडम म्हणाल्या होत्या तशी, दबक्या पावलानं.

"कधी बघितलीत?"

"तू गेलीस आणि हा ओकला. तिथे कोपऱ्यात. मला शंका आली म्हणून कान टोचला, तर हा आकडा. म्हटलं, झालं! साखर कधी कुणाला सोडून जाते होय? माझीसुद्धा आज चढलीय बघ. रोजच चढतीय हल्ली. मी नाश्त्याला काट मारली, त्यालाही काही दिलं नाही."

"आणि मॅडमना फोन?"

माईंनी परातीतली बोटं थांबवली. "तुझी मॅडम फोन उचलेपर्यंत बसून राहू? यांचा अंगठा काळा पडला तेव्हा रविवार म्हणून डॉक्टरची वाट बघत बसले होते मी. पुढचं तुला माहितीय. पूर्वी जेवढं देत होतो तेवढंच दिलंय. सुईवरचे दोन टिपके. काय वाईट केलं?"

मी "दिवाण, दिवाण" करत घरभर फिरले. एरवी माझ्या किल्लीचा आवाज आला की स्वारी दारात हजर. आज पत्ता नाही. शेवटी गव्हाच्या कोठीमागून एक विचित्र ओरडणं ऐकू आलं, लांबलचक, जणू दुसऱ्याच कुठल्या मांजराचं. तो बाहेर आला तेव्हा त्याचे मागचे पाय ओल्या फरशीवर घसरावेत तसे घसरत होते. डोळे सताड उघडे आणि नुसते काळेभोर. माझ्यापर्यंत येता येता तो कुशीवर पडला.

"बघ, औषध लागू पडायला लागलं," माई म्हणाल्या.

मी बाहेरून आले की आधी हात धुणारी, आईची शिस्त. त्याही घाईत नळाखाली हात धरले, पुसले, मशीन घेतलं. त्याच्या कानाची कड टोचली. एरवी तो कान झटकायचा. त्यानं झटकला नाही. थेंब पट्टीला लावला आणि मशीनवर आकडा आला, एकतीस.

माई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी हात जोडले. "उतरली! उतरली गं बाई!"

त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. मी आयुष्यात माईंवर ओरडले ती तेव्हा पहिल्यांदा.

"माई, मरतोय तो!"

फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. मॅडमनी उचलला, मी काय बोलले देव जाणे, पण एकतीस हा आकडा त्यांनी पकडला.

"मध आहे घरात? साखरेचा पाक?"

मला त्या क्षणी वेड्यासारखं हसू आलं. त्या घरात पाकाशिवाय दुसरं होतं काय! पातेलंभर पाक शेगडीपाशी ठेवलेला होता. तसं मॅडमना सांगितलं.

"कोमट आहे ना? बोटावर घ्या आणि हिरड्यांना आतून चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. चोळत राहा. फोन ठेवू नका."

मी फोन फरशीवर ठेवून त्याचा आवाज मोठा केला आणि बोट पाकात बुडवलं. तेवढ्यात दिवाणचे चारही पाय ताठ झाले. मग ते हलायला लागले, पडल्या पडल्या पळतोय तसे. जबडे एकावर एक आपटत होते, तोंडातून फेस यायला लागला. असं मी कधी बघितलं नव्हतं.

"मॅडम, झटके येतायत!"

"येऊ देत. बोट दातांमध्ये घालू नका. गालाच्या आत, बाजूनं. चोळा."

"माई, धरा त्याला!"

माई खाली बसल्या. त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्यांचे हात इतके कापत होते की बोक्याचं डोकं कशानं हलतंय, त्याच्या झटक्यांनी की त्यांच्या हातांनी, मला कळेना. "दिवाणजी, अहो दिवाणजी," त्या पुटपुटत होत्या. इतके दिवस अरेतुरे करणारी बाई बोक्याला अहोजाहो करत होती. घाबरल्यात, असं मला वाटलं. आणि घाबरावंच त्यांनी, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग आला होता. हा मेला तर मी या घरात राहणार नाही, असं मनात म्हणत मी चोळत होते.

किती वेळ गेला सांगता यायचं नाही. झटके हळूहळू विरले आणि तो मऊ पडला. ते जास्तच भयंकर होतं. मी त्याच्या छातीवर हात ठेवला, हलतीय की नाही समजेना. आणखी एक बोट पाक. आणखी एक. फोनमधून मॅडम सारखं म्हणत होत्या, "थांबू नका, थांबू नका."

मग माझ्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्याची जीभ.

"चाटतोय! मॅडम, चाटतोय तो!"

"छान. पुन्हा साखर बघा."

पाकाचे हात पुन्हा नळाखाली धुतले, पुसले आणि बघितली. अठ्ठावन्न. दिवाणनं डोकं उचललं, खाली टाकलं, पुन्हा उचललं. फ्रिजमधली उकडलेली कोंबडी मी बोटांनी कुस्करून पुढे केली तर अधाशासारखा तुटून पडला, बोटंच खातो की काय असं वाटलं. मला रडू फुटलं. रडत रडत भरवत होते.

"पोटभर खाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "पण धोका टळलेला नाही, इंजेक्शनचा परिणाम संध्याकाळपर्यंत राहील. थोड्या थोड्या वेळानं बघत राहा आणि कुणीतरी गाडी घेऊन आलं की त्याला इकडे आणा. आता मला सांगा, हे दिलंतच कशाला? मी बजावलं होतं ना?"

"मी घरी नव्हते हो. माईंनी बघितली तेव्हा चारशे सत्तावीस होती, म्हणून जुन्या बाटलीतले दोन टिपके दिले त्यांनी."



"शक्य नाही. जुन्या बाटलीतल्या दोन टिपक्यांनी चारशेवरून एकतीसवर येत नाही कुणी. त्याची साखर मुळात वाढलेलीच नसणार. काय करत होत्या त्या? बघायच्या आधी हात धुतले होते का त्यांनी?"

मी परातीकडे बघितलं. पाकानं पांढऱ्या झालेल्या कडा, चमचा, ओलं फडकं. माई सकाळभर त्या फडक्याला बोटं पुसायच्या आणि पुन्हा परातीत घालायच्या. त्याच बोटांनी कान धरला, तीच बोटं थेंबाला लागली. मशीननं बोक्याचं रक्त मोजलंच नव्हतं, हलव्याचा पाक मोजला होता.

"माई, कान टोचताना हात धुतले होते?"

माई कोठीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर, ओठावर, गळ्यावर घामाचे थेंब, ब्लाउज पाठीला चिकटलेला. मी इतका वेळ समजत होते शेगडीची धग आहे. पण बोक्याच्या गडबडीत शेगडीकडे कुणी बघितलंच नव्हतं, निखारे केव्हाच राखेत गेले होते. जानेवारीची थंडी होती. मी स्वतः स्वेटर घालून होते.

"माई?"

"त्यांचं ताट वाढ," माई म्हणाल्या. आवाज जड, जीभ टाळ्याला लागल्यासारखी. "यायची वेळ झाली. पायात चप्पल नाही घालत ते, सांग त्यांना."

सासरे जाऊन सात वर्षं झाली होती.

आणि मग सगळं एकदम समोर उभं राहिलं. बोक्याची साखर याच बोटांनी एकदाच बघितली होती. स्वतःची त्या रोज बघत होत्या. महिनाभर. पहाटे उठून शेगडी पेटवायची, परात मांडायची, मध्येच बोट टोचायचं. रोज चढतीय हल्ली, हे त्या मला आताच तर म्हणाल्या होत्या. आणि चढली की माई काय करत असतील, हे मला कुणी सांगायला नको होतं. बोक्याला एका आकड्यावर सुई देणारी बाई स्वतःला काय सोडणार!

"मॅडम, माई! माईंना पण तसंच होतंय! त्याच मशीननं—"

"शुद्धीवर आहेत? गिळता येतंय? साखरेचं पाणी द्या. लगेच. मी जनावरांची डॉक्टर आहे हो, त्यांच्या डॉक्टरांना बोलवा, पण आधी साखर द्या!"

मी ओल्या फडक्याऐवजी नळाचं पाणी ओतून माझे हात आणि माईंचं बोट धुतलं, पदरानं पुसलं, टोचलं. एक्केचाळीस. मशीन हातातून गळून पडलं.

पेल्यात पाक आणि पाणी ढवळलं आणि माईंच्या ओठाला लावलं. त्यांना वास आला. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"माई, प्या."

त्यांनी मान फिरवली. पेला हातानं ढकलला, अर्धा माझ्या साडीवर सांडला. त्या हाताला ताकद कुठून आली कोण जाणे.

"साखर आहे ती. मला कळत नाही काय? यांना मारलंत. आता मला."

"माई, साखर उतरलीय तुमची. फार उतरलीय."

"उतरली ना? मग बरं आहे." आणि त्या हसल्या. तृप्त, समाधानी. ते हसणं बघून मी जेवढी घाबरले, तेवढी बोक्याच्या झटक्यांनीही घाबरले नव्हते. डोळे मिटत चालले होते त्यांचे. वीस वर्षं ज्या बाईनं एक दाणा जिभेवर ठेवला नाही, तिला मी साखर पाजणार कशी? घरात दुसरं कुणी नाही. मकरंद, माझा नवरा, पुण्याहून संध्याकाळी येणार. आणि समजा पाजलीच, आणि माझंच चुकत असेल तर? मशीन तेच. ज्या मशीननं सकाळपासून खोटं सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवून मी सासूला साखर पाजतेय. माझे हात थांबले.

मग मी त्यांच्या घामाकडे बघितलं. घाम काही खोटं सांगत नव्हता.

मी त्यांच्या मागे बसले, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं, हनुवटी धरली. जी बाई मला भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा विचारल्याशिवाय घालू द्यायची नाही, तिच्या कानात मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले.

"तोंड उघडा! उघडा म्हणते ना! मी सांगतेय तसं करायचं आता!"

माई दचकल्या. लहान मुलीसारख्या घाबरून माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी चमच्यानं थोडं घातलं. गिळलं त्यांनी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गिळत होत्या. एक चमचा, दुसरा, तिसरा. पेला संपला तसा दुसरा केला. फरशीवरच्या फोनमधून मॅडम विचारत होत्या, "पितायत का? बोला, पितायत का?" आणि मी पुढचा चमचा भरत होते.

हळूहळू त्यांचा घाम थांबला. अंगात ऊब आली. त्यांनी माझ्या हातातून पेला स्वतःच्या हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं. राखेची शेगडी, परात, फरशीवर आडवा पडून मिशा चाटणारा बोका.

"काय झालं गं?" त्या म्हणाल्या. "याला कुणी काय केलं?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

मी फोन केला तसे शेजारच्या गल्लीतले डॉक्टर शेवाळे आले. त्यांनी तपासलं, खायला लावलं, माईंचे डोस विचारले. माईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. डोस जवळजवळ दुपटीवर गेला होता.

"हल्ली चक्कर वगैरे?"

"चक्कर नाही. पहाटे घामानं गादी भिजते. उठून साडी बदलते आणि चहा घेते. मला वाटलं वयाचं असेल."

"मशीनला दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "धुतलेल्या, कोरड्या बोटाशिवाय साखर बघायची नाही. आणि ताई, एका पहाटे तुम्ही साडी बदलायला उठल्याच नसता, एवढं लक्षात ठेवा."

त्या पहाटेच्या घामाच्या वेळी मी भिंतीपलीकडे झोपलेली असायचे. एकदाही मला जाग आली नव्हती.

मकरंद आला तो तसाच दिवाणला घेऊन मोहिते मॅडमकडे गेला. रात्रीपर्यंत त्यांनी ठेवून घेतलं, सलाइन लावलं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. त्याची साखर वाढलेलीच नव्हती, सकाळचं ओकणं केसांच्या गोळ्याचं होतं. त्यानंतर तो पुष्कळ जगला, आणि त्याला पुन्हा इंजेक्शन लागलं नाही. मी मात्र दर रविवारी त्याचा कान हातात घेताना घाबरले. आकडा वाढलेला दिसेल म्हणून घाबरले, कमी दिसेल म्हणून घाबरले, बरोबर दिसला तर खरा असेल का म्हणून घाबरले.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या सकाळचं. मी चहा ठेवत होते. माई मोरीत गेल्या, साबणानं हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग पंच्याला हात पुसत, एकेक बोट पुसत त्या माझ्यासमोर येऊन पाटावर बसल्या. मशीनचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्यांची सुई, त्यांचं मशीन, त्यांचा डबा. बोक्यासाठी मी तो घ्यायचे, पण सासरे गेल्यापासून कालपर्यंत माईंची साखर त्यांच्याशिवाय कुणी बघितली नव्हती. मकरंदलासुद्धा त्या बघू द्यायच्या नाहीत.

"आजपासून तू बघायचीस," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"तुम्हाला जमतं की, माई. फक्त हात धुवायचे."

"ते कळलं गं मला. धुतलेत ना." त्या खाली बघत राहिल्या. बोट तसंच पुढे. "पण भीती वाटते मला. आकडा आला आणि मी एकटी असले, की काय करावं ते सुचत नाही. इतकी वर्षं सुचलं नाही. जे वाटेल ते टोचत आले."

मी त्यांचं बोट हातात घेतलं. हलव्यानं भाजून भाजून शेंडा टणक झाला होता. सुई बोटापाशी नेली आणि थांबले.

"दुखेल, माई."

"बोक्याला टोचतेस तसं टोच," माई म्हणाल्या. "तो तुझ्याकडे कसा निवांत बसतो, दर रविवारी बघते मी."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.